पदवी आधी, तालीम नंतर

नारायण श्रीपाद राजहंस हा मुलगा दहा वर्षांचा असताना, 1898 मध्ये, पुण्यात लोकमान्य टिळकांसमोर गायला आणि टिळकांनी त्याला ‘बालगंधर्व’ म्हटलं, ही गोष्ट मराठी माणसाला तोंडपाठ आहे. पण पदवी मिळाली 1898 मध्ये आणि तोंडाला रंग लागला 1905 मध्ये. मधल्या सात वर्षांची चौकशी सहसा कुणी करत नाही.

त्या काळात एक साधंसुधं शिक्षण चाललं होतं. जळगावला नातेवाइकांकडे राहून नारायण मेहबूबखाँ यांच्याकडे गाण्याचे पहिले धडे गिरवत होता. गळा गोड होता, पण कानाने दगा दिला. संगीत नाटकात गळा कितीही चांगला असो, साथीचा सूर आणि समोरच्या नटाचं वाक्य नीट ऐकू आलं नाही तर सगळा खेळ बसतो. इथे मदतीला आले कोल्हापूरचे शाहू महाराज. त्यांनी मुलाला मिरजेच्या मिशन इस्पितळात डॉ. वानलेस यांच्याकडे पाठवलं. कान सुधारला आणि किर्लोस्कर नाटक मंडळीचं दार उघडलं.

मंडळीलाही गरज होतीच. मंडळीचे गाते नट भाऊराव कोल्हटकर 1901 मध्ये गेले होते आणि त्यांच्या जागी उभं राहील असा स्त्रीपार्टी मिळत नव्हता. नारायण आला तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, ही बाब मला महत्त्वाची वाटते. केशवराव भोसल्यांसारखी मुलं अगदी कोवळ्या वयात कंपनीच्या बिऱ्हाडात दाखल होत, आणि आवाज फुटला की त्यांचं पुढे काय होईल हे कुणालाच सांगता येत नसे. उशिरा आलेल्या नारायणाच्या बाबतीत तो जुगार बराचसा टळला होता.

1905 मध्ये मिरजेलाच किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ नाटकात त्याने शकुंतला केली. ही भूमिका नवशिक्यासाठी फार अवघड. पहिल्या अंकात भुंगा मागे लागलेला असतो, पुढे पायात दर्भ रुतल्याचं निमित्त करून राजाकडे वळून पाहायचं असतं. निमित्त आहे हे प्रेक्षकाला कळलं पाहिजे, सख्यांना मात्र कळता कामा नये. आणि पाचव्या अंकात, भर दरबारात राजाने ओळख नाकारल्यावर, त्याच लाजऱ्या मुलीने संतापून बोलायचं असतं. पदं गळ्यावर निभावतील. मान किती वळवायची, पदर कधी सावरायचा, वाक्य कुठे तोडायचं, हे गळा शिकवत नाही.

ते शिकवलं गोविंद बल्लाळ देवलांनी. देवल ‘शारदा’चे नाटककार म्हणून ठाऊक असतात, पण कंपनीतल्या मुलांच्या दृष्टीने ते आधी तालीम मास्तर. मंडळीचे संस्थापक अण्णासाहेब किर्लोस्कर हे बेळगावात त्यांचे शिक्षक होते आणि पुढे देवल त्यांच्याच नाटकांत नट म्हणून उभे राहिले. म्हणजे ‘शाकुंतल’ ज्याने मराठीत आणलं, त्याच्या हाताखाली घडलेला माणूस नारायणाला शकुंतला समजावत होता. नक्कल, म्हणजे नटाच्या वाट्याची वाक्यं, पाठ करून घेणं हे सोपं काम. त्या वाक्यामागचं मन नटाच्या चेहऱ्यावर आणणं हे देवलांचं काम.

गाण्याची बाजू पुढे भास्करबुवा बखल्यांनी घडवली. बुवा स्वतः लहानपणी किर्लोस्कर मंडळीत होते. आवाज फुटला आणि त्यांचं रंगभूमीवरचं गाणं संपलं. मग त्यांनी फैज महंमदखाँ, नत्थनखाँ, अल्लादियाखाँ अशा गुरूंकडे वर्षानुवर्षं विद्या घेतली. रागदारी गाणं नाटकाच्या पदात कितपत झेपेल, हे ज्याला दोन्ही बाजूंनी माहीत होतं असा गुरू नारायणाला लाभला. 1916 च्या ‘स्वयंवर’ नाटकात त्याने केलेल्या रुक्मिणीच्या पदांत याचा पुरावा आहे. बुवांच्या चालींतला राग शाबूत राहतो आणि रुक्मिणीचं बोलणंही हरवत नाही.

देवल त्याच वर्षी, ‘स्वयंवर’ रंगभूमीवर येण्याआधी, वारले. बालगंधर्वांच्या नावाने होणाऱ्या कार्यक्रमांत निवेदक टिळकांचा किस्सा हमखास सांगतात. तो जरूर सांगावा, पण त्यासोबत देवलांचं आणि भास्करबुवांचं नावही घ्यावं.