खेळाच्या तासाची सूट

शाळा सुरू होऊन पंधरा-वीस दिवस झाले, की माझ्या दवाखान्यात एका निराळ्या कामासाठी माणसे येऊ लागतात. सोबत आठवी-नववीतील नातू किंवा नात असते आणि तिचा हात धरून आलेले आजी-आजोबा असतात. आई-वडील नोकरीच्या गावी किंवा कारखान्याच्या पाळीवर. मागणी ठरलेली असते : "डॉक्टर, शाळेला एक चिठ्ठी द्या. याला पी.टी.तून सूट पाहिजे."

कारणे अनेक असतात. कुणाला लहानपणी दमा होता, कुणाचा हात मागच्या वर्षी मोडला होता, कुणाला शिकवणीच्या वेळा जुळवायच्या असतात. वैद्यकीय व्यवसायात तीस वर्षे होत आली तरी, खेळासाठी तंदुरुस्त असल्याचे प्रमाणपत्र मागायला आलेली मुले मी मोजकीच पाहिली आहेत; सूट मागणारी मात्र दरवर्षी येतात.

आमच्या तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेचे हायस्कूल आहे. मैदान मुरमाचे, एका कडेला कडुलिंब, दुसऱ्या कडेला मल्लखांब, मध्ये खो-खोचे दोन खांब. क्रीडाशिक्षक एकच. तरीही पंधरा ऑगस्टचे लेझीम, त्यानंतरचे तालुका पातळीवरील सामने, स्काउट-गाईडचे शिबिर, चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमिजिएट परीक्षा आणि डिसेंबरातील स्नेहसंमेलन एवढा व्याप ही शाळा वर्षानुवर्षे सांभाळत आली आहे. क्रीडादिनी प्रथमोपचाराची पेटी घेऊन मी त्या कडुलिंबाखाली बसतो, म्हणून हे सारे जवळून पाहता येते.

त्या झाडाशी माझी एक चूकही जोडलेली आहे. वीसएक वर्षांपूर्वी सहावीतील एका मुलाला दमा आहे म्हणून त्याच्या आजोबांच्या आग्रहाखातर मी लिहून दिले : 'श्रमाचे खेळ वर्ज्य.' तारीख घातली नाही, मुदत लिहिली नाही. ती चिठ्ठी दहावीपर्यंत चालली. पुढे तो मुलगा सव्विसाव्या वर्षी माझ्याकडे आला तेव्हा वजन ९४ किलो होते आणि रक्तदाब वाढलेला होता. दम्याचा त्रास तर सातवीनंतर जवळपास गेलेलाच होता. बोलता बोलता तो सहज म्हणाला, "मी झाडाखाली सगळ्यांच्या चपला आणि पाण्याच्या बाटल्या सांभाळायचो, डॉक्टर." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. मला मात्र ते अजून आठवते.

दमा असलेल्या मुलाने खेळू नये, हे त्या काळीही खरे नव्हते. दमा आटोक्यात असेल, नियमित औषध चालू असेल, खेळण्यापूर्वी दहा-पंधरा मिनिटे शरीर सावकाश तापवून घेतले असेल आणि गरजेप्रमाणे डॉक्टरांनी सांगितलेला इनहेलर आधी घेतला असेल, तर बहुतेक मुले इतरांसारखीच पळू शकतात. मी ते समजावून सांगायला हवे होते. चिठ्ठी लिहिणे सोपे होते.

शाळेचे मैदान म्हटले की आपल्याला पदके आठवतात, आणि ती आठवावीत अशीच आहेत. १९५२ मध्ये हेलसिंकी ऑलिम्पिकमध्ये कांस्यपदक मिळवणारे खाशाबा जाधव कऱ्हाडच्या टिळक हायस्कूलचे विद्यार्थी. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्यात डेक्कन जिमखान्यावर बांधले गेले. आणि जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात विजेत्या ठरलेल्या भारतीय पुरुष व महिला संघांचे कर्णधार प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही महाराष्ट्राचे. पण डॉक्टर म्हणून माझे लक्ष असते ते कधीही पदक न मिळवणाऱ्या उरलेल्या मुलांकडे. त्यांच्या हाडांचा हिशेब याच वयात मांडला जात असतो. मुलींमध्ये हाडांच्या आयुष्यभरातील कमाल घनतेचा सुमारे ९० टक्के साठा अठराव्या वर्षापर्यंत, तर मुलांमध्ये विसाव्या वर्षापर्यंत तयार होतो. उड्या, धावणे, झटकन वळणे यांचा हाडांवर जो भार पडतो, त्याने हा साठा वाढतो. पुढे चाळिशीनंतर आपण त्यातूनच खर्च करत राहतो. ५ ते १७ वर्षे वयाच्या मुलांनी दिवसाला सरासरी ६० मिनिटे दम लागेल अशी हालचाल करावी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आठवड्यातील पी.टी.च्या मोजक्या तासांनी तेवढे भरत नाही. ते तासही काढून घेतले तर उरते काय?

गेल्या जुलैत एक आजी नववीतील नातीला घेऊन आल्या. मुलीचे आई-वडील चाकणला कंपनीत. मुलगी लहानपणापासून आजीपाशी. सतरा वर्षांखालील खो-खो संघात तिची निवड झाली होती. आजी म्हणाल्या, "पोरगी शहाणी झाली, डॉक्टर. आता तिला मैदानात पळवू नका म्हणावं. उन्हानं काळी पडली, परवा गुडघा फोडून आली, आणि पुढच्या साली दहावी. मला वर्षाची चिठ्ठी द्या." मुलगी खाली मान घालून बसली होती.

मासिक पाळी हे खेळ थांबवण्याचे कारण नाही. उलट नियमित व्यायाम करणाऱ्या बऱ्याच मुलींना पाळीतील पोटदुखी कमी जाणवते. हे मी सांगत होतो, तेवढ्यात आजी आणखी एक वाक्य बोलून गेल्या : "हल्ली जिना चढली तरी धापा टाकते." ते वाक्य त्यांनी सर्वांत शेवटी सांगितले; खरे तर तेच पहिले सांगायला हवे होते. पापणीच्या आतील भाग पांढुरका होता. हिमोग्लोबिन निघाले ९.४. या वयात ते किमान १२ असावे.

शाळेत दर सोमवारी लोहाची निळी गोळी मिळते. ही गोळी दप्तराच्या कप्प्यात साठत होती, कारण सोमवारी मुलीचा उपवास आणि उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळ. आपल्याकडे हा प्रश्न घरोघरचा आहे : राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला. आठवड्याची निळी गोळी रक्तक्षय होऊ नये यासाठी असते. झालेला रक्तक्षय भरून काढण्यासाठी डॉक्टरांनी ठरवून दिलेली रोजची मात्रा लागते. ती जेवणानंतर, लिंबूपाण्याबरोबर घ्यावी; चहा मात्र पुढे-मागे तासभर टाळावा. हिमोग्लोबिन सुधारले तरी साठा भरण्यासाठी गोळी आणखी सुमारे तीन महिने चालू ठेवावी लागते. जंताचे औषधही राहून गेले होते, तेही दिले.

चिठ्ठी मी दिली, पण निराळी. 'रक्तक्षयासाठी उपचार चालू. सहा आठवडे सामने व जोराचे धावणे नको. लेझीम, हलके व्यायाम, गुणलेखन चालेल. अमुक तारखेस पुन्हा तपासणी.' आजींना वर्षाची हवी होती, त्या नाराज झाल्या. मुलगी तर रडलीच. ऑगस्टमध्ये तालुक्याचा सामना झाला, तिने मैदानाकडेला बसून गुण लिहिले, आणि आमची शाळा एका गुणाने हरली. पुढच्या तपासणीला ती आली तेव्हा माझ्याशी एक शब्द बोलली नाही. तिचा राग मला मान्य होता.

तेव्हापासून घरच्या वडीलधाऱ्यांना मी एक विनंती करतो : सूट मागताना डॉक्टरांना तीन गोष्टी लिहायला सांगा. कारण काय, कोणते खेळ किंवा उपक्रम चालतील, आणि सूट कोणत्या तारखेला संपते.

सूट द्यावीच लागते अशा वेळाही आहेत, आणि त्यात हयगय नको. धावताना मूल बेशुद्ध पडले, श्रमाने छातीत दुखले, छातीची धडधड अनाकलनीय वाटली, किंवा घराण्यात कुणी तरुणपणी अचानक दगावले असेल, तर हृदयाची तपासणी होईपर्यंत खेळ पूर्ण बंद. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी ताप आणि एका सांध्यातून दुसऱ्या सांध्यात फिरणारे दुखणे सुरू झाले, तर तो संधिवाताचा ताप असू शकतो. त्यात हृदयाच्या झडपांना इजा होते. डोक्याला मार लागून उलटी, गुंगी किंवा गोंधळ झाला तर त्या दिवशी मैदानात परत पाठवू नये आणि लगेच दाखवावे. मात्र परिपाठाच्या रांगेत उभे राहून चक्कर येणाऱ्या मुलाने बहुधा सकाळी काही खाल्लेले नसते. त्याला चिठ्ठीपेक्षा भाकरी किंवा शेंगदाणे-गूळ अधिक उपयोगी.

त्या आजींची गोष्ट अजून थोडी उरली आहे. मागील वर्षी ओट्यावरून घसरून त्यांचे मनगट मोडले होते. नातीच्या पडण्याचे भय तिथून आले असावे. मी त्यांना खुर्चीवर बसवले, हात छातीवर दुमडायला सांगितले आणि म्हणालो, "आजी, हात न टेकता पाच वेळा उठा, बसा." तिसऱ्या खेपेला त्यांनी खुर्चीचा हात धरला. पाच खेपांना १५ सेकंदांहून अधिक वेळ लागणे हे मांड्यांचे स्नायू दुबळे झाल्याचे लक्षण मानले जाते. नात कोपऱ्यातून पाहत होती. ती पहिल्यांदा हसली. "आजी, हे खो मिळाल्यावर उठण्यासारखं आहे," ती म्हणाली. मला हे कधी सुचले नव्हते, पण चौरसात बसलेल्या खेळाडूला खो मिळताच उठावे लागते, तेव्हा काम करतात ते हेच स्नायू.

पासष्टीनंतर आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत, असा सल्ला आहे. खुर्ची भिंतीला टेकलेली हवी, जवळ कुणीतरी उभे हवे, आणि गुडघा-खुब्याची शस्त्रक्रिया झालेली असेल किंवा उठताना चक्कर येत असेल तर आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे. या दोघींनी संध्याकाळी दिवेलागणीनंतर हा पाठ घरीच सुरू केला. नात घड्याळ धरते, आजी उठतात-बसतात.

ऑक्टोबरअखेर मुलीचे हिमोग्लोबिन ११.९ झाले आणि ती पुन्हा संघात गेली. जानेवारीत आजी मनगट दाखवायला आल्या तेव्हा मी खुर्ची पुढे केली. हात न टेकता पाच वेळा, १७ सेकंद. "दोन सेकंद जास्तच झाले की हो," त्या स्वतःच म्हणाल्या. मग जाता जाता दारात थांबून त्यांनी विचारले, की पोरगी उन्हाने काळी पडते त्यावर काही औषध आहे का. नाही म्हणालो. टोपी घालू द्या, एवढेच सांगितले.