फॉरिनच्या मालाचा बुधवार

गोव्याच्या बार्देश तालुक्यात हणजूणला, समुद्राच्या अगदी काठाला, दर बुधवारी बाजार भरतो. आज तो पर्यटकांच्या यादीतला ठरलेला थांबा आहे. सुरू झाला तेव्हा मात्र विकणाऱ्यांची अडचण साधी होती: खिसा रिकामा झालेला आणि घरी परत जायचं तर नाही.

साठच्या दशकाच्या मध्यापासून युरोप-अमेरिकेतली तरुण मंडळी तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान अशी खुष्कीच्या मार्गानं भारतात यायला लागली. थंडीचे महिने काढायला गोवा. आधी कळंगुट, तिथं गर्दी वाढली तशी हणजूण. भाड्याची खोली स्वस्त, मासे-भात स्वस्त; तरी बसून खाल्लं तर पैसा आटतोच. मग स्लीपिंग बॅग, कॅमेरा, टेपरेकॉर्डर, अंगावर नसलेली जीन्स, जे हाताशी असेल ते चादरीवर मांडायचं.

या देवघेवीला १९७५च्या सुमारास बाजाराचं रूप आलं. त्याचं श्रेय दिलं जातं ‘एट फिंगर एडी’ला. खरं नाव यर्टवर्ड मॅझमेनियन. आर्मेनियन वंशाचा अमेरिकन. उजव्या हाताला तीनच बोटं, म्हणून हे नाव. जन्म १९२४चा, म्हणजे भोवतालच्या पोरांपेक्षा वीसेक वर्षांनी थोरला. गोव्यात त्यानं भुकेल्या हिप्पींसाठी फुकट जेवणही चालवलं. २०१०मध्ये तो गोव्यातच वारला.

विकणाऱ्यांबद्दल पुष्कळ लिहिलं जातं, घेणाऱ्यांबद्दल फारसं नाही. माझ्या मते बाजार उभा राहिला तो घेणाऱ्यांमुळे. १९९१च्या आधी परदेशी वस्तू दुकानात सरळ मिळत नसे. आयातीवर निर्बंध, वर जबर जकात. ‘फॉरिनचं आहे’ एवढं म्हटलं की वस्तूचा भाव चढायचा, आणि वस्तूबरोबर तिच्या मालकाचाही. अशा काळात गुडघ्यावर विरलेली जीन्ससुद्धा माल ठरते. तिकडे जुनी म्हणून टाकलेली वस्तू इकडे नवी होती, ती या एका कारणानं. हिप्पीला पैसे हवे होते, आपल्याला फॉरिन हवं होतं. दोघंही गरजू, त्यामुळे घासाघीस बरोबरीची.

पुढे दोन्ही बाजू ढासळल्या. १९७९मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षाअखेरीस सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि खुष्कीचा रस्ता बंद झाला. नव्वदनंतर फॉरिनचा माल इथल्याच दुकानांत आला. रिकाम्या झालेल्या जागेत कर्नाटकातल्या लमाणी बायका, काश्मिरी, तिबेटी, राजस्थानी विक्रेते बसले.

आता तिथं फिरताना लमाणी बाईचं पथारीवरचं काम जरूर जवळून पाहावं. झोळीच्या कडेला आरशाची गोल टिकली, भोवती दाट टाके, मध्ये कवड्या. काही तुकडे जुन्या घागऱ्या-ओढण्यांतून कापून नव्या झोळीवर बसवलेले असतात. “दीदी, बघायला पैसे नाही,” असं म्हणत ती झोळी हातात देते आणि मग सोडत नाही. पहिला भाव ऐकून मान हलवायची, चार पावलं पुढे जायचं, हाक येतेच. शेजारच्या गाळ्यावर मात्र सगळ्या गोव्यात मिळतात तेच टी-शर्ट आणि तेच हत्ती छापलेले पायजमे. सेकंडहँड म्हणावं असं त्यात काही नाही, पण ‘फ्ली मार्केट’ ही पाटी कोण उतरवणार!

पुण्याचा जुना बाजारही बुधवारी भरतो, शिवाय रविवारी. तिथं गंजका पाना, बंद पडलेलं घड्याळ, पंपाचा एखादा सुटा भाग शोधायला माणूस खरोखर कामासाठी येतो. जुन्या बाजाराची परीक्षा एवढीच, आणि तिच्यात हणजूण आता नापास आहे.

अस्सल सेकंडहँड व्यवहार बाजाराच्या बाहेर, गावाच्या रस्त्याला लागला आहे. पुस्तकांच्या दुकानांत जर्मन, रशियन, हिब्रू कादंबऱ्यांच्या चुरगळलेल्या प्रती मिळतात. वाचून परत दिली की काही पैसे परत. हंगामाच्या सुरुवातीला कुणी जुनी बुलेट घेतो, पाऊस जवळ आला की पुढच्याला विकतो. ती दाखवताना आधीच्या मालकानं बसवलेल्या हँडलचे वेगळे पैसे मागायला विसरत नाही.