तणावर उतारा बुरशीचा

खरिपाच्या फवारण्या सुरू झाल्या की ग्रामीण भागातल्या सरकारी रुग्णालयांत विषबाधेचे रुग्ण वाढू लागतात. कुणी रागाच्या भरात औषध घेतलेले असते, तर कुणी पाण्याच्या बाटलीत काढून ठेवलेले तणनाशक पाणी समजून तोंडाला लावलेले असते. नातेवाइकांनी आणलेल्या डब्यावर 'पॅराक्वाट' हे नाव दिसले की डॉक्टरांचा चेहरा उतरतो. पहिल्या दिवशी रुग्ण शुद्धीवर असतो, बोलतो. तोंड आलेले, घशात आग, बाकी बरा. घरच्यांना वाटते, निभावले. मग मूत्रपिंडे थकतात, आणि पुढच्या काही दिवसांत फुप्फुसे घट्ट, तंतुमय होत जातात. या विषावर उतारा नाही. धाप लागलेल्या माणसाला प्राणवायू देणे हा वैद्यकातला पहिला धडा; पण इथे जास्तीचा प्राणवायू फुप्फुसांची हानी वाढवतो, म्हणून तोही हात राखून द्यावा लागतो.

युरोपीय संघात हे रसायन २००७ पासून बंद आहे. श्रीलंकेने २००८ ते २०११ या काळात ते टप्प्याटप्प्याने बाजारातून काढले. त्याबरोबर आणखी दोन जहाल कीटकनाशकेही काढली. त्यानंतर तिथे शेतीची औषधे पिऊन होणारे मृत्यू ठळकपणे घटले, आणि पिके काही बुडाली नाहीत.

तरीही तणनाशक नकोच, असे शेतकऱ्याला सांगणे सोपे नाही. ऐन हंगामात खुरपणीला माणसे मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि कोवळ्या पिकाच्या तोंडचे अन्न-पाणी तण पळवते. प्रश्न असा आहे, की झाडाला मारणारे पण माणसाच्या शरीरात ज्याला काम करायला जागाच नाही, असे काही मिळेल का? त्याचा शोध घेणारे काही संशोधक बुरशीपर्यंत पोचले आहेत.

बुरशी आणि वैद्यक यांचे नाते जुने आहे. पेनिसिलिन बुरशीचे, अवयवरोपणात वापरले जाणारे सायक्लोस्पोरिनही बुरशीचे. ॲस्परजिलस टेरियस नावाची मातीतली एक बुरशी आहे. तिच्यापासून लोव्हास्टॅटिन मिळाले. कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिन गटातले बाजारात आलेले ते पहिले औषध, १९८७ सालचे. याच बुरशीत ॲस्पटेरिक आम्ल नावाचे एक रसायन असते. ते १९७८ पासून माहीत होते, झाडांच्या परागकणांची वाढ ते रोखते हेही पुढे दिसले होते. पण ते नेमके कुठे घाव घालते ते कळत नव्हते.

हे कोडे लॉस एंजलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात यी टँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोडवले. त्यांची युक्ती साधी होती. जी बुरशी विष बनवते, ती स्वतः त्या विषाने मरत का नाही? कारण विष बनवणाऱ्या जनुकांच्या शेजारीच बहुतेक वेळा तिने स्वतःसाठी एक कवच ठेवलेले असते: ज्या एन्झाइमवर विष घाव घालते, त्याचीच विष न लागणारी दुसरी आवृत्ती. म्हणजे आधी कवच शोधायचे, मग त्यावरून शस्त्राचा अंदाज बांधायचा. बुरशीचे जनुकसंच असे चाळताना त्यांना ॲस्पटेरिक आम्लाचा कारखाना सापडला. २०१८ मध्ये 'नेचर'मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला.

ल्युसिन, आयसोल्युसिन आणि व्हॅलिन ही तीन अमिनो आम्ले झाडे स्वतः तयार करतात. त्या साखळीतले एक एन्झाइम ॲस्पटेरिक आम्ल बंद पाडते. मग झाडाला प्रथिने बांधता येत नाहीत आणि वाढ थांबते. माणसाला आणि जनावरांना ही तीन आम्ले बनवताच येत नाहीत. डाळ, दूध, अंडी यांतून ती घ्यावी लागतात. ते एन्झाइमच आपल्या पेशींत नाही. ज्या घरात कुलूपच नाही, तिथे किल्लीचे काय काम? पॅराक्वाटचे तसे नाही. ते झाडाच्या पानात जो उत्पात घडवते, जवळपास तोच आपल्या फुप्फुसात घडवते.

अर्थात एवढ्यावर 'सुरक्षित' असा शिक्का मारणे घाईचे होईल. आपल्या आतड्यातले अनेक जिवाणू ही अमिनो आम्ले स्वतः बनवतात. त्यांच्यावर काय परिणाम होतो, रसायन मातीत किती दिवस टिकते, विहिरीत उतरते का, हे सारे तपासावे लागेल. शिवाय पिकालाही हे आम्ल मारणारच. त्याला वाचवायचे तर बुरशीचे ते कवच-जनुक पिकात घालावे लागेल, आणि संशोधकांनी प्रयोगशाळेतल्या एका रोपात ते करून दाखवलेही आहे. म्हणजे प्रश्न जनुकबदल केलेल्या बियाण्यापाशी येऊन थांबतो, आणि त्यावर आपल्याकडे किती वाद आहेत ते कापूस पिकवणाऱ्यांना सांगायला नको.

नव्या पद्धतीने काम करणाऱ्या तणनाशकाची निकड मात्र खरी आहे. प्रतिजैविकांचा बेसुमार वापर झाला की जंतू निर्ढावतात, तसेच तणाचे होते. पंजाब-हरियाणात गव्हातल्या 'गुल्ली डंडा' या तणावर आयसोप्रोट्युरॉन वर्षानुवर्षे मारले गेले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ते तण त्याला जुमानेनासे झाले. अशी उदाहरणे जगभर आहेत.

बुरशीतले रसायन वेगळे काढण्याऐवजी जिवंत बुरशीच शेतात सोडण्याचा मार्ग याहून जुना आहे. अमेरिकेत १९८२ मध्ये 'कॉलेगो' हे बुरशीचे तणनाशक भात आणि सोयाबीनमधल्या एका तणासाठी आले. काम चोख, पण एकाच तणावर, आणि पान ओले राहील अशी हवा असेल तरच. एका तणासाठी एक बाटली विकत घेणारे किती निघणार? व्यापाराच्या गणितात असे उपाय मागे पडतात.

केनियातला प्रयोग म्हणूनच वेगळा ठरतो. तिथल्या मक्याच्या मुळांवर स्ट्रायगा नावाचे परजीवी तण वाढते. आपल्याकडे ज्वारीत दिसणारा टारफुला याच कुळातला. जमिनीवर दिसेपर्यंत त्याने पिकाचा रस शोषलेला असतो, त्यामुळे खुरपून फारसे साधत नाही. स्ट्रायगाला रोग करणाऱ्या फ्युजेरियम बुरशीतले असे वाण निवडले गेले, की जे ल्युसिनसारखी अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त बाहेर टाकते. एखादे अमिनो आम्ल अति झाले की ते बनवणारी साखळी झाड स्वतःच बंद करते, आणि बाकीची भावंडे उपाशी राहतात. ॲस्पटेरिक आम्ल उपासमार घडवते, ही बुरशी अजीर्ण घडवते. तणाचा शेवट तोच.

ही बुरशी गावात पोचते ती दात कोरायच्या काडीवर. काडी शिजवलेल्या भातात टाकायची, काही दिवसांत भातावर बुरशी वाढते, आणि पेरताना मक्याच्या दाण्यासोबत चिमूटभर भात खड्ड्यात टाकायचा. पश्चिम केनियात ५०० शेतांवर झालेल्या चाचणीत उत्पन्न एका हंगामात ५६ आणि दुसऱ्यात ४२ टक्क्यांनी वाढले. फवारणीचा पंप नाही, घरात विषाचा डबा नाही.

पण 'नैसर्गिक' या शब्दाने हुरळून जाऊ नये. फ्युमोनिसिन हेही फ्युजेरियम गटातल्याच बुरशीचे विष. धोतऱ्यासारख्या तणांना ते मारते, म्हणून तणनाशक म्हणून त्याचा अभ्यास झाला. पण १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावरच्या काही गावांत पावसाने भिजलेल्या, बुरशी लागलेल्या ज्वारी-मक्याच्या भाकऱ्या खाऊन माणसांना पोटदुखी आणि जुलाब झाले, आणि त्या धान्यात हेच विष सापडले. ज्या ॲस्परजिलस टेरियसचे गोडवे वर गायले, ती प्रतिकारशक्ती खालावलेल्या रुग्णाच्या फुप्फुसात शिरली तर ॲम्फोटेरिसिन-बी या हुकमी औषधालाही सहसा दाद देत नाही. प्रयोगशाळेत पेट्री डिश उघडणाऱ्याने हे विसरता कामा नये.

हे नवे उपाय आपल्या कृषी सेवा केंद्रात येईपर्यंत जुने डबे घरात राहणारच. ते कुलपात, मूळ डब्यातच ठेवावेत. शीतपेयाच्या किंवा पाण्याच्या बाटलीत कधीही काढू नयेत. फवारणी वाऱ्याच्या दिशेने, हातमोजे घालून करावी. तणनाशक पोटात गेलेच तर मिठाचे पाणी पाजून उलटी करवण्यात वेळ दवडू नये. 'आता बरे वाटतेय' यावर विसंबू नये. त्याच तासात रुग्णालय गाठावे, आणि डबा किंवा त्यावरची चिठ्ठी सोबत न्यावी.