हुगळीवरची बोट आणि कोलकात्याचा मुक्काम

मुंबईच्या उपनगरांतून दहिसर, पोईसर, ओशिवरा आणि मिठी या नद्या वाहतात. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या टेकड्यांत आणि तिथल्या तलावांच्या परिसरात उगम पावून त्या काही किलोमीटरांतच खाडीला किंवा समुद्राला मिळतात, आणि त्यांपैकी सर्वांत लांब असलेली मिठीही अठरा किलोमीटरांच्या आसपासच भरते. बोरिवलीहून गोराईला, मार्व्याहून मनोरीला किंवा वर्सोव्याहून मढला जाणारी बोट उपनगरवासीयांच्या नित्य ओळखीची असली, तरी ती खाडी ओलांडून काही मिनिटांत पलीकडे पोचते. नदीच्या प्रवाहातून दिवसचे दिवस प्रवास करण्याची सोय मुंबईतच काय, महाराष्ट्रातही जवळपास नाही. याचे कारण भूगोलात आहे. सह्याद्रीवरून पश्चिमेकडे उतरणाऱ्या नद्या आखूड आणि तीव्र उताराच्या आहेत, तर गोदावरी, कृष्णा यांसारख्या पूर्ववाहिनी नद्या पावसावर अवलंबून असून खडकाळ पात्रांतून आणि धरणांच्या साखळीतून वाहतात, त्यामुळे मोठ्या बोटीला लागणारी सलग खोली त्यांत वर्षभर टिकत नाही. म्हणूनच नदीवरील दीर्घ नौकाप्रवासाची इच्छा असलेल्या मुंबईकराला उत्तर आणि पूर्व भारताच्या मैदानी नद्यांकडे वळावे लागते, आणि त्यांपैकी ज्या नदीच्या काठी एक महानगर उभे आहे व जिच्या तीरांवर मराठी इतिहासाच्याही ठळक खुणा आहेत, अशी नदी म्हणजे हुगळी.

नदीवरील क्रूझ म्हणजे जी एकाच वेळी वाहन आणि निवासस्थान असते अशा बोटीतून केलेला, अनेक रात्रींचा प्रवास. पणजीला मांडवीवर संध्याकाळी होणारी तासाभराची फेरी किंवा केरळात आलप्पुळाच्या हाउसबोटीतला एका रात्रीचा मुक्काम यांहून तो वेगळा असतो, कारण त्यात बोट रोज नव्या काठाला लागते, प्रवासी दिवसा उतरून गावे पाहतात आणि रात्री त्याच खोलीत परततात. प्रयागराज ते हल्दिया हा १,६२० किलोमीटरांचा पट्टा १९८६ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक १ म्हणून घोषित झाला, १९८८ मध्ये ब्रह्मपुत्रेला तो दर्जा मिळाला, आणि २०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. जानेवारी २०२३ मध्ये वाराणसीहून दिब्रुगडकडे निघालेल्या ‘गंगा विलास’ या ३६ प्रवाशांच्या बोटीच्या ५१ दिवसांच्या आणि सुमारे ३,२०० किलोमीटरांच्या प्रवासामुळे हा प्रकार सर्वांच्या कानावर गेला. मात्र सामान्य कुटुंबाला पेलणारी सहल बरीच लहान असते, आणि कोलकाता ते मुर्शिदाबाद किंवा फराक्का हा साधारण आठवड्याचा मार्ग तिचे उत्तम उदाहरण आहे.

नदीचे वेळापत्रक

शहराची सहल प्रवाशाच्या सोयीने आखता येते, नदीची येत नाही. म्हणून बोट आणि शहर यांच्या जोडसहलीत पहिला निर्णय नदीचा असावा लागतो आणि विमान, रेल्वे, हॉटेल यांचे निर्णय त्यामागून यावे लागतात. गंगेचा मुख्य प्रवाह फराक्क्याच्या पुढे बांगलादेशात जातो आणि तिची भागीरथी ही शाखा दक्षिणेकडे वळते. नवद्वीपजवळ जलंगी नदी मिळाल्यानंतर याच शाखेला हुगळी म्हणतात. ही शाखा गाळाने भरत चालल्याने कोलकाता बंदराचे पाणी उथळ होऊ लागले होते, आणि त्यावर उपाय म्हणून १९७५ मध्ये कार्यान्वित झालेल्या फराक्का बंधाऱ्यातून सुमारे ३८ किलोमीटर लांबीच्या कालव्याने गंगेचे पाणी भागीरथीत सोडले जाऊ लागले. कोरड्या महिन्यांत, म्हणजे १ जानेवारी ते ३१ मे या काळात, फराक्क्याचे पाणी भारत आणि बांगलादेश यांनी कसे वाटून घ्यावे हे १९९६ च्या कराराने ठरले. हिवाळा उलटत जातो तशी वरच्या पट्ट्यात पात्राची खोली का घटते आणि तळ कमी बुडणाऱ्या, सपाट बुडाच्या बोटीच तिथे का चालतात, हे यावरून समजते.

खालच्या पट्ट्याचे गणित वेगळे आहे. बंगालच्या उपसागराची भरती नवद्वीपच्या परिसरापर्यंत जाणवते, त्यामुळे कोलकाता, श्रीरामपूर, चंदननगर या भागात बोटीची निघण्याची वेळ घड्याळापेक्षा भरती-ओहोटीवर अधिक ठरते. डिसेंबर-जानेवारीत सकाळचे धुके दाट असते आणि ते विरेपर्यंत बोट नांगरलेलीच ठेवावी लागते. एप्रिल-मे महिन्यांत ‘कालबैशाखी’ नावाची वळवाची वादळे येतात आणि पावसाळ्यात प्रवाह वेगवान होतो. सारांश, ऑक्टोबरच्या अखेरीपासून मार्चपर्यंतचा काळच या प्रवासाला योग्य ठरतो, आणि मुंबईतील कुटुंबे ज्या मे महिन्याच्या सुट्टीवर वर्षभराची सहल सोपवतात, ती सुट्टी इथे बाद होते. शाळकरी मुले असलेल्या घरांना त्यामुळे दिवाळीची सुट्टी उरते. ती एका दृष्टीने लाभदायकही आहे, कारण दिवाळीनंतर कार्तिक शुद्ध नवमीच्या सुमारास चंदननगरात जगद्धात्री पूजेचा उत्सव होतो आणि तिथल्या कारागिरांची प्रसिद्ध विद्युत रोषणाई त्या दिवसांत पाहायला मिळते. दुर्गापूजेचा आठवडा मात्र कोलकात्यातील गर्दीचा आणि हॉटेलांच्या चढ्या दरांचा असतो. पूजा पाहणे हाच हेतू असेल तरच तो निवडावा.

काठावरचे मराठी धागे

कोलकात्याहून वर जाताना सुमारे पंचवीस किलोमीटरांच्या आतच पश्चिम तीरावर श्रीरामपूर लागते. १७५५ ते १८४५ या काळात ते डेन्मार्कच्या ताब्यात होते, आणि त्याच्या पुढे फ्रेंचांचे चंदननगर, डचांचे चुंचुडा आणि पोर्तुगीजांच्या जुन्या चर्चमुळे ओळखले जाणारे बंदेल अशी युरोपीय वसाहतींची रांगच या काठावर आहे. मराठी वाचकासाठी यांत श्रीरामपूरचे महत्त्व वेगळे आहे. विल्यम केरी या धर्मप्रसारकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १८०० मध्ये येथे छापखाना सुरू केला, पंडित वैजनाथ यांच्या साहाय्याने केरीने सिद्ध केलेले मराठीचे व्याकरण १८०५ मध्ये आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० मध्ये याच गावी प्रसिद्ध झाला. पुण्या-मुंबईत मराठी ग्रंथमुद्रण रुजण्याच्या आधी मराठी अक्षरे हुगळीच्या काठी छापली जात होती, ही गोष्ट आपल्या भाषेवर प्रेम असणाऱ्या प्रत्येकाने त्या जागी जाऊन अनुभवण्यासारखी आहे, आणि १८१८ मध्ये स्थापन झालेल्या श्रीरामपूर महाविद्यालयाच्या परिसरात त्या परंपरेच्या वस्तू व ग्रंथ जतन केलेले आहेत.

दुसरा धागा अधिक अवघड आहे. कालना येथील १०८ शिवमंदिरे आणि नवद्वीप ही चैतन्य महाप्रभूंची भूमी मागे टाकून बोट दाईंहाट आणि काटवा या गावांजवळ येते. नागपूरकर रघूजी भोसल्यांचे दिवाण भास्करराम कोल्हटकर यांच्या फौजेचा १७४२ मध्ये याच भागात तळ होता. पावसाळ्यात भरलेली भागीरथी घोडदळाला ओलांडणे कठीण असल्याने नदीचा पश्चिम तीर मराठ्यांच्या हाती आणि पूर्व तीर नवाब अलीवर्दीखानाकडे अशी विभागणी झाली, आणि त्याच वर्षी दुर्गापूजेच्या दिवसांत नवाबाने नदी उतरून या तळावर अचानक हल्ला केला. १७४४ मध्ये बोलणीसाठी बोलावून भास्कररामांची हत्या करण्यात आली, तरी स्वाऱ्या थांबल्या नाहीत, आणि १७५१ च्या तहाने ओडिशा व वार्षिक १२ लाख रुपयांची चौथाई मराठ्यांना मिळाली. महाराष्ट्रात हा पराक्रमाचा इतिहास म्हणून सांगितला जातो. बंगालमध्ये मात्र जाळलेली गावे आणि नदीपार पळालेली माणसे यांची आठवण ‘बर्गी’ या नावाने लहान मुलांच्या अंगाईतसुद्धा टिकून आहे. एकाच घटनेच्या या दोन स्मृती मराठी प्रवाशाला त्या नदीवर एकत्र दिसतात, आणि अशा ठिकाणी आपल्या पूर्वजांकडे दुसऱ्याच्या डोळ्यांनी पाहण्याची तयारी ठेवणे हेच सुजाण प्रवासाचे लक्षण म्हटले पाहिजे.

काटव्याच्या वर २३ जून १७५७ च्या लढाईची पलाशी येते आणि त्यानंतर मुर्शिदाबाद. १८३७ मध्ये पूर्ण झालेला हजारदुआरी राजवाडा पूर्व तीरावर आहे, तर अलीवर्दीखान आणि सिराजउद्दौला यांच्या कबरी पश्चिम तीरावरील खुशबागेत आहेत; बोटीने जाणाऱ्याला हे दोन्ही तीर सहज जोडता येतात, रस्त्याने जाणाऱ्याला त्यासाठी वळसा पडतो. पाण्यात मधूनच वर येणारा गंगेतील डॉल्फिन, ज्याला २००९ मध्ये राष्ट्रीय जलचर ठरवण्यात आले, तोही याच प्रवासाचा लाभ आहे.

शहर आधी का

बोट वरच्या दिशेने जाणारी असेल, तर कोलकात्याचे निदान दोन दिवस आरंभी ठेवावेत आणि परतल्यावर आणखी एक रात्र राखून ठेवावी. याचे पहिले कारण व्यवहाराचे आहे: विमान रद्द झाले किंवा गाडी उशिरा पोचली तरी बोट थांबत नाही, आणि उलट बाजूने धुक्यामुळे बोटीला उशीर झाला तर त्याच दिवशीचे परतीचे तिकीट वाया जाते. दुसरे कारण समजुतीचे आहे. कोलकाता हे नदीने घडवलेले शहर असल्याने ते आधी पाहिले की वरचा प्रवास अर्थपूर्ण होतो. पहिला दिवस नदीकाठाला द्यावा: १९४३ मध्ये खुला झालेला हावडा पूल, मूर्तिकारांची वस्ती असलेली कुमारटुली, तिथून जवळच असलेला बागबाजार आणि हावड्याकडे जाणारी साधी प्रवासी लाँच. मार्च २०२४ पासून मेट्रोही हुगळीच्या पात्राखालच्या बोगद्यातून धावते, त्यामुळे एकच नदी पुलावरून, पाण्यावरून आणि पाण्याखालून एका दिवसात ओलांडता येते. बागबाजार भागातील एका गल्लीच्या नावात ‘मराठा डिच’ आजही आहे. १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने रहिवाशांनी खोदायला घेतलेला हा खंदक पुढे बुजवून त्यावर सर्क्युलर रस्ता झाला. दुसरा दिवस १८१४ मध्ये स्थापन झालेले इंडियन म्युझियम आणि १९२१ चे व्हिक्टोरिया मेमोरियल यांना पुरतो.

उपनगरांतून निघताना

मुंबई ते हावडा हा नागपूरमार्गे जवळपास दोन हजार किलोमीटरांचा प्रवास असून गीतांजली एक्सप्रेसलाही त्याला तीस तासांहून अधिक लागतात. ती कल्याणला थांबत असल्याने घाटकोपर-मुलुंडच्या प्रवाशांना सीएसएमटीला जाण्याची गरज नसते. कुर्ल्याच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवरून शालिमारला जाणारी गाडीही त्यांना सोयीची आहे. विमानाने जायचे असेल तर घाटकोपर किंवा अंधेरीहून मेट्रो १ ने मरोळ नाका आणि तिथून मेट्रो ३ ने सहारच्या टर्मिनलपर्यंत पोचता येते, बोरिवलीकरांना मेट्रो ७ ने गुंदवलीला उतरून हाच मार्ग धरता येतो, आणि मुलुंडकरांना ऐरोली पुलामुळे नवी मुंबई विमानतळाचाही पर्याय असतो. म्हणून तिकीट काढताना विमानतळ कोणता ते पाहणे आता आवश्यक झाले आहे.

आरक्षणाचा क्रम नीट लावावा लागतो. या मार्गावरील बोटींत साधारणतः एक-दोन डझनच खोल्या असतात, त्यामुळे त्या कित्येक महिने आधी भरतात, तर नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण ६० दिवसच आधी खुले होते. म्हणून बोट आधी पक्की करून, रेल्वेचे आरक्षण उघडण्याचा दिवस दिनदर्शिकेत नोंदवून ठेवावा आणि शहरातील हॉटेल तोवर विनाशुल्क रद्द करता येईल अशा अटीवर घ्यावे. पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न लेखी विचारावेत: पाणी कमी झाल्यास मार्ग कोठे तोडला जाईल आणि पुढचा भाग बसने होईल का, काठावरची प्रवेशशुल्के व मार्गदर्शक भाड्यात धरले आहेत का, आणि एकट्या प्रवाशाला खोलीचे किती जादा द्यावे लागतील. अनेक गावांत बांधीव धक्का नसतो आणि फळीवरून उतरून मातीचा चढ चढावा लागतो, हे ज्येष्ठ नागरिकांनी ध्यानात घ्यावे. घाटकोपर-मुलुंडमधील शाकाहारी वा जैन कुटुंबांनी कांदा-लसूण वर्ज्य असल्यास तसे आरक्षणाच्या वेळीच कळवावे, कारण बंगाली स्वयंपाकात माशाला मानाचे स्थान आहे आणि बोटीवरची रसद आधीच भरलेली असते.

युरोपात ऱ्हाइन किंवा डॅन्यूबवर जाणाऱ्यांनाही हीच तत्त्वे लागू पडतात. २०१८ आणि २०२२ मध्ये ऱ्हाइनची पातळी इतकी उतरली की जहाजवाहतूक विस्कळीत झाली, आणि शेंगेन व्हिसासाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, पण ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आणि पूर्ण प्रवासाची आखणी सोबत जोडावी लागते. म्हणजे तिथेही बोटीची तारीख ठरल्यावाचून शहराचा मुक्काम पक्का होत नाही.

खर्च आवाक्याबाहेर जात असेल तर कपात बोटीच्या रात्रींत करावी, शहराच्या दिवसांत नव्हे. हावड्याहून बंदेलकडे जाणाऱ्या लोकल गाड्या श्रीरामपूर, चंदननगर आणि चुंचुडा या तिन्ही गावांना थांबतात, आणि अंधेरी-बोरिवलीच्या लोकलमध्ये वाढलेल्या माणसाला त्या परक्या वाटण्याचे कारण नाही. काठावरच्या लाँचमधून नदी ओलांडत दोन दिवसांत हा सारा वसाहतींचा पट्टा अल्प खर्चात पाहता येतो, आणि मुर्शिदाबादला सियालदहहून रेल्वेने जाता येते. आठवडाभराची बोट नदीची सलगता देते आणि ज्यांना ती परवडते त्यांनी ती अवश्य घ्यावी. पण श्रीरामपूरचा छापखाना आणि काटव्याचा तळ यांची माहिती करून घेऊन निघालेला प्रवासी लोकलने गेला तरी या नदीचे आणि आपल्या इतिहासाचे नाते पुरेपूर समजून घेऊन परत येऊ शकतो.