पोलादपूरचं आभाळ, मोबाईलमध्ये

तर मंडळी, आकाशगंगेच्या फोटोसाठी लडाखच गाठायला हवं असं काही नाही. पोलादपूरहून दक्षिणेकडे तोंड केलं की महाड एमआयडीसीचा उजेड पाठीमागे राहतो. आकाशगंगेचा सगळ्यात दाट भाग, धनु राशीकडचा, मार्चमध्ये पहाटे आग्नेयेला असतो. पण पूर्वेला सह्याद्रीची भिंत, म्हणून जरा उशिराच दिसतो. मे महिन्यात मध्यरात्रीनंतर तो दक्षिणेला येतो. जूनमध्ये ढग आले की संपलं! कॅलेंडरवर अमावस्या बघून ठेवा.

फोन ट्रायपॉडवर, प्रो मोड, आयएसओ १६००, शटर १५ सेकंद, टायमर लावून. पृथ्वी तासाला १५ अंश फिरते ना, शटर ३० सेकंदांवर नेलंत तर ताऱ्यांच्या रेघा होतात.

आणि आंबेनळी घाटात वळणावर गाडी थांबवून फोटो? अजिबात नको. २०१८ साली याच घाटात बस दरीत कोसळून ३० जण गेले. त्यापेक्षा खालच्या एखाद्या गावात, विचारून, कुणाच्या खळ्यात उभे राहा.