चौदा महिने आणि सोळा वर्षे

एडीएचडी, म्हणजेच 'अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर', ही मेंदूच्या वाढीशी निगडित अवस्था आहे. बालपणी आढळणाऱ्या मानसिक तक्रारींपैकी तिच्याइतका अभ्यास फार थोड्यांचा झाला असेल. तरीही आठव्या वर्षी सुरू केलेल्या उपचाराने त्या मुलाच्या पंचविसाव्या वर्षी नेमके काय साधलेले असते, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने संशोधकांना अनेक दशके गुंतवून ठेवले आहे. लक्ष टिकवता न येणे, शरीराची सततची चुळबुळ आणि विचार करण्याआधीच कृती घडून जाणे, म्हणजेच आवेगशीलता, हे या अवस्थेचे तीन मुख्य पैलू होत. ही लक्षणे बारा वर्षांच्या आत सुरू झालेली असतील, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसत असतील आणि त्यांमुळे मुलाच्या दैनंदिन व्यवहारात खरोखर अडथळा येत असेल, तरच निदान केले जाते. मराठीत रूढ झालेला 'अतिचंचलता' हा शब्द या दृष्टीने अपुरा पडतो, कारण वर्गात अगदी शांत बसलेल्या, पण मन भलतीकडेच असलेल्या मुलांना, आणि त्यांतही विशेषतः मुलींना, तो सामावून घेत नाही आणि त्यांचे निदान वर्षानुवर्षे राहून जाते.

ही अवस्था शिस्तीच्या अभावातून किंवा आईवडिलांच्या लाडातून येत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून तिच्यातील आनुवंशिक वाटा सत्तर टक्क्यांहून अधिक असल्याचे दिसले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतील संशोधकांनी 2007 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर मेंदूच्या बाह्य आवरणाची जाडी कमाल पातळीला पोहोचण्याचे मध्यम वय इतर मुलांमध्ये साडेसात वर्षे, तर एडीएचडी असलेल्या मुलांमध्ये साडेदहा वर्षे असल्याचे आढळले. वाढीचा क्रम तोच असतो, पण ती उशिरा होते, आणि हा उशीर सर्वांत जास्त असतो तो लक्ष व आत्मनियंत्रण सांभाळणाऱ्या कपाळामागील भागात. आठ वर्षांच्या अशा मुलाकडून आठ वर्षांच्या संयमाची अपेक्षा धरणे त्याच्यावर अन्याय करणारे ठरते, ते यामुळेच.

औषधोपचाराचा इतिहास मात्र या शोधांहून बराच जुना आहे. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात चार्ल्स ब्रॅडली या डॉक्टरांनी 1937 मध्ये वर्तनसमस्या असलेल्या मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले असता त्यांतील अनेक मुले अभ्यासात एकाएकी रमू लागल्याची नोंद केली होती. पुढे 1944 मध्ये स्वित्झर्लंडमधील सीबा कंपनीत लिआंद्रो पानित्सोन यांनी मिथाइलफेनिडेट हे संयुग तयार केले, आणि आज जगभर या मुलांना सर्वाधिक दिल्या जाणाऱ्या औषधांत त्याची गणना होते. चेतापेशींच्या सांध्यात डोपामिन आणि नॉरएपिनेफ्रिन ही संदेशवाहक रसायने स्रवल्यानंतर पेशी ती पुन्हा आत ओढून घेतात. मिथाइलफेनिडेट हे आत ओढणे रोखते, त्यामुळे संदेश अधिक काळ टिकतो. साध्या गोळीचा परिणाम सुमारे चार तास राहतो आणि मग ओसरतो. हे औषध आजार मुळातून काढून टाकत नाही, तर शरीरात असेपर्यंत आधार देते, आणि दीर्घकालीन उपचारांविषयीचे बरेचसे गैरसमज हा फरक निसटल्यामुळे निर्माण होतात.

या उपचारांची सर्वांत मोठी परीक्षा अमेरिका आणि कॅनडातील केंद्रांमध्ये 1990 च्या दशकात झाली. 'एमटीए' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्या चाचणीत सात ते दहा वर्षांच्या आतील 579 मुलांची यादृच्छिक पद्धतीने, म्हणजे कोणाच्याही पसंतीशिवाय, चार गटांत विभागणी करण्यात आली. पहिल्या गटाला काळजीपूर्वक मात्रा ठरवून दिलेले औषध मिळाले. दुसऱ्याला पालकांचे प्रशिक्षण, आठ आठवड्यांचे उन्हाळी शिबिर आणि वर्गात मदतनीस असा सघन वर्तनोपचार मिळाला. तिसऱ्याला दोन्ही मिळाले. आणि चौथ्या गटातील कुटुंबांनी आपापल्या गावातील नेहमीचे उपचार घेतले. चौदा महिन्यांनंतरचे निष्कर्ष डिसेंबर 1999 मध्ये प्रसिद्ध झाले. लक्षणे जवळजवळ सामान्य पातळीवर आलेल्या मुलांचे प्रमाण एकत्रित उपचारांच्या गटात 68 टक्के, केवळ औषधाच्या गटात 56 टक्के, केवळ वर्तनोपचाराच्या गटात 34 टक्के आणि नेहमीच्या उपचारांच्या गटात 25 टक्के होते.

या आकड्यांतून औषधाचा विजय झाला असा अर्थ त्या काळी अनेकांनी काढला, पण चौथ्या गटाकडे नीट पाहिले तर तो अर्थ अपुरा ठरतो. त्या गटातील सुमारे दोन तृतीयांश मुलांनाही औषधच मिळत होते, आणि बहुतेकांना तेच औषध मिळत होते. फरक होता तो देखरेखीचा. चाचणीतील डॉक्टर मुलाला आणि पालकांना दरमहा अर्धा तास भेटत, शिक्षकांकडून माहिती मागवत आणि तिच्या आधारे मात्रा बदलत. बाहेरच्या कुटुंबांना असे लक्ष क्वचितच मिळत असे आणि मात्राही बहुधा कमी पडत असे. शिवाय एकत्रित उपचार घेणाऱ्या मुलांना केवळ औषधाच्या गटातील दिवसाच्या सरासरी 38 ऐवजी 31 मिलिग्रॅम औषध पुरले, आणि चिंता, पालकांशी असलेले संबंध, सवंगड्यांत मिसळणे अशा बाबींत त्यांची प्रगती किंचित अधिक दिसली. गोळीचे नाव सारखे असले तरी उपचार सारखे नव्हते, आणि या चाचणीचा सर्वांत मोलाचा धडा हाच असूनही तो सर्वांत कमी सांगितला गेला आहे.

चौदा महिन्यांनंतर संशोधकांनी उपचार थांबवले आणि काय घ्यायचे ते कुटुंबांवर सोपवले. दोन वर्षे पूर्ण होईपर्यंत गटांमधील अंतर जवळपास निम्म्यावर आले, तीन वर्षांनी ते मिटले आणि आठ वर्षांनंतरच्या पाहणीतही ते परत दिसले नाही. एव्हाना चाचणीच्या अखेरीस औषध घेत असलेल्या मुलांपैकी बहुतेकांनी ते सोडलेले होते. औषध दीर्घकाळ निरुपयोगी असते, असा निष्कर्ष यावरून काढता येत नाही, कारण या टप्प्यावर गट स्वेच्छेने बदललेले होते आणि जास्त त्रास असलेली मुलेच औषध चालू ठेवण्याची शक्यता अधिक होती. पण चौदा महिन्यांची सघन काळजी हे आयुष्यभराचे कवच नव्हे, एवढे निश्चित झाले. त्या मुलांची स्थिती सुरुवातीपेक्षा सुधारलेली होती, तरी त्याच वर्गांतील इतर मुलांच्या तुलनेत ती बहुतेक बाबींत मागेच राहिली. पुढील वाटचालीचा अंदाज कोणत्या गटात मूल होते यावरून बांधता येत नव्हता. मूळ लक्षणांची तीव्रता, वर्तनाच्या इतर समस्या, घरची सामाजिक व आर्थिक परिस्थिती आणि सुरुवातीच्या उपचाराला मिळालेला प्रतिसाद यांवरून तो बांधता येत होता.

औषधाची किंमतही याच दीर्घ पाठपुराव्यातून समोर आली. भूक मंदावणे आणि झोप उशिरा लागणे हे परिणाम आधीपासून ठाऊक होते, पण सोळा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार ज्यांनी औषध दीर्घकाळ घेतले त्यांची प्रौढ वयातील उंची नाममात्र औषध घेतलेल्यांपेक्षा सरासरी अडीच सेंटिमीटरने कमी भरली. अडीच सेंटिमीटरची भीती बाळगून मुलाची शाळेतील दहा वर्षे विस्कटू देणे शहाणपणाचे नाही. मात्र वजन आणि उंची न मोजता वर्षानुवर्षे तीच चिठ्ठी पुढे चालू ठेवणे हा निष्काळजीपणा आहे.

येथेच जीवनगुणवत्ता ही संकल्पना महत्त्वाची ठरते. जीवनमान म्हणजे उत्पन्न, घर, सोयी. जीवनगुणवत्ता म्हणजे स्वतःच्या संस्कृतीत, स्वतःच्या अपेक्षांच्या कसोटीवर, माणसाला आपले जगणे कसे वाटते याचे त्याने स्वतः केलेले मूल्यमापन, आणि जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्याही याच दिशेची आहे. मुलांसाठी जेम्स व्हार्नी यांनी तयार केलेल्या 'पेड्सक्यूएल' या प्रश्नावलीत शरीर, भावना, मित्रमंडळी आणि शाळा अशा चार विभागांत मिळून 23 प्रश्न आहेत, आणि ती मुलाने व पालकांनी वेगवेगळी भरायची असते. एडीएचडीबाबत या दोन कागदांत अनेकदा तफावत आढळते: मुलाची जीवनगुणवत्ता पालकांना बरीच खालावलेली दिसते, तर मूल स्वतः तितके वाईट सांगत नाही. काहींच्या मते मुलाला स्वतःच्या अडचणींची पुरेशी जाणीव नसते. ते काही अंशी खरे असेल, पण पालकांच्या उत्तरांत त्यांचा स्वतःचा थकवा, नातेवाइकांचे टोमणे आणि शाळेतून वारंवार येणारी बोलावणी मिसळलेली असतात, हेही तितकेच खरे आहे. शिक्षकांच्या तक्त्यावर लक्षणे घटलेली दिसत असताना मधल्या सुट्टीत कोणी खेळायला घेत नाही म्हणून एकटे बसणारे मूल बरे झाले असे म्हणता येणार नाही, आणि केवळ लक्षणे मोजणाऱ्या उपचाराला ते मूल दिसतही नाही.

शाळेचा वाटा म्हणूनच औषधाइतका मोठा ठरतो. भारतातील 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने मान्य केलेल्या 21 प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा समावेश आहे, एडीएचडीचा स्वतंत्र उल्लेख मात्र नाही. त्यामुळे अध्ययन अक्षमता नसलेल्या एडीएचडीच्या मुलाला पुढच्या बाकावर बसवणे, सूचना तुकड्यांत देणे किंवा मधूनमधून उठण्याची मुभा देणे यांसारखी बिनखर्चाची मदतही बरीचशी शिक्षकांच्या समजुतीवर अवलंबून राहते.

एमटीएतील 558 मुलांच्या सोळा वर्षांपर्यंतच्या नोंदींचे विश्लेषण 2022 मध्ये प्रसिद्ध झाले आणि 'मोठेपणी सुटते की राहते' हा प्रश्नच त्याने बदलून टाकला. लक्षणे पूर्णपणे आणि कायमची गेलेल्यांचे प्रमाण सुमारे 9 टक्के होते, सातत्याने तशीच राहिलेल्यांचे सुमारे 11 टक्के, आणि जवळपास 64 टक्के मुलांमध्ये ती काही काळ ओसरून पुन्हा उफाळत राहिली. अकराव्या वर्षी औषधाशिवाय सुरळीत चाललेल्या मुलाला माध्यमिक शाळेत विषय आणि शिक्षक वाढताच पुन्हा मदत लागू शकते, आणि ती मागायला आलेल्या आईला 'एवढी वर्षे बरा होता ना' असे ऐकावे लागू नये, एवढी तयारी दवाखान्याने आणि शाळेने ठेवायला हवी. सुरळीत काळातही वर्षातून एकदा मुलाची उंची, वजन, झोप आणि मैत्री यांची विचारपूस व्हावी, आणि पालकांना थोडा वेळ बाहेर बसवून ती आधी मुलालाच करावी.