गिनीपिगसाठी ताजी भाजी: निवड व साठवण

गिनीपिगच्या शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही. ते रोज खाद्यातून न मिळाल्यास हिरड्यांतून रक्त येते, सांधे सुजतात. बदलापूरच्या कात्रपसारख्या वस्तीतील पाळणाऱ्यांना तुम्ही भाजी देत असाल, तर ती ताजीच द्या.

निवड: ढोबळी मिरची, कोथिंबीर द्यावी. ऑक्झलेटमुळे पालक क्वचितच. कांदा, लसूण, बटाटा टाळावा.

काढणी: फवारणीनंतर लेबलवरील प्रतीक्षा काळ संपल्यावरच करावी.

साठवण: पावसाळ्यात दमट हवेने पाला लवकर सडतो. न धुता, कोरड्या सुती कापडात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवावा.

खाऊ घालताना: धुऊन, निथळून, गारवा गेल्यावर द्यावी. दिवसाला साधारण 1 कप पुरे. मुख्य खाद्य सुके गवतच. चिकट, बुरशी आलेली पाने फेकावीत.